वरचं व्यासपीठ आणि पिलसुनबाई

आमच्या दोलमोरी गावच्या चर्चमध्ये दोन व्यासपीठं आहेत, एक वरचं आणि एक खालचं. वरचं अक्रोडाच्या लाकडाचं, त्यावर द्राक्षवेल कोरलेली, मागे उंच पाठीच्या खुर्च्या. तिथून पाळक संदेश देतात. खालचं साधं, प्लायवूडचं, त्यावर एक माइक. तिथून कोणाच्या घरी लग्न आहे, कोणाची गाडी फाटकात आडवी लागली आहे आणि आज जेवायला काय आहे, एवढं सांगतात. देव सगळीकडे सारखाच असतो, असं आमच्याकडे बाप्तिस्म्याआधी शिकवतात. पायऱ्या चढून वर गेलं की तो थोडा जास्त असतो, हे बाप्तिस्मा झाल्यावर ज्याचं त्याला कळतं.

वर जाताना पायातलं काढावं लागतं. त्यासाठी पहिल्या पायरीपाशी काळ्या कातडी सपाता असतात, फक्त पाळकांच्या. दर रविवारी त्या पुसून, पाळकांचे पाय न बघता सरळ आत जातील अशा बेताने ठेवायच्या, हे काम पिलसुनचं. योंग पिलसुन ही आमची प्रचारिका. सगळे तिला प्रचारिकाबाई म्हणतात. मी पिलसुनच म्हणते, कारण आम्ही दोघी एकाच वर्षी या गावात आलो, ती चर्चच्या नोकरीला आणि मी मेंगांच्या घरची सून म्हणून. नेमकं काय काय करावं लागेल, हे दोघींनाही कोणी आधी सांगितलं नव्हतं.

एकतीस वर्षं तिने त्या सपाता ठेवल्या आणि एकतीस वर्षं तिची एकच इच्छा होती. एकदा, फक्त एकदा, रविवारच्या मोठ्या उपासनेत वरून संदेश द्यायचा. लहान मुलांना खाऊ वाटत सांगायच्या गोष्टी नाहीत आणि म्हाताऱ्यांच्या बैठकीतलं चार शब्दांचं बोलणंही नाही. पूर्ण संदेश, वरून.

तिच्या बापाचा सुक्या मासळीचा धंदा होता. एका होडीवाल्याशी तिचं लग्न ठरत आलं होतं, तेवढ्यात ती शहरात पाळक घडवणाऱ्या सेमिनरीत जाऊन बसली. तिथे मुलांना आणि मुलींना पुस्तकं तीच, परीक्षा तीच आणि खोल्याही सारख्याच थंड. चार वर्षं झाल्यावर मुलांच्या डोक्यावर हात ठेवून दीक्षा दिली. मुलींना चकचकीत कागदात गुंडाळलेलं एकेक गीतांचं पुस्तक दिलं. आमच्या पंथात बायकांना दीक्षा नाही. का नाही, ते मी एकदा माझ्या नवऱ्याला विचारलं होतं. तो चर्चचा पंच आहे. म्हणाला, "अगं, ते ईश्वरज्ञानाचं आहे." ईश्वरज्ञानाचं आहे म्हणजे त्याला माहीत नाही.

तर पिलसुन पाळक झाली नाही, पाळकांच्या आसपासचं बाकी सगळं झाली. वसंतात पाळक घरोघर भेटीला निघाले की ही पंधरा पावलं पुढे. कुत्रं बांधलंय का बघायचं, ओट्यावरची दारूची बाटली तांदळाच्या डब्यामागे सरकवायची, घरातल्या सासू-सुनेचं आज बोलणं आहे का याचा अंदाज घ्यायचा आणि दारात पाळकांच्या कानात सांगायचं. आत जाऊन पाळक सुनेच्या डोक्यावर हात ठेवून म्हणत, "या घरात एक दुखावलेलं मन आहे, असं मला जाणवतं आहे." सगळं घर हमसून रडायचं. पिलसुन बाहेर जोडे सरळ लावत असायची.

माणूस गेलं की अंघोळ घालायला, कपडे चढवायला तीच. आणि बॉयलरमागच्या खोलीत नव्या लोकांना ख्रिस्ती शिकवणीचा पाया शिकवायचा तो वर्गही तिचाच. गावात त्याला पाया वर्ग म्हणतात. आमच्या चर्चच्या यच्चयावत पंचांनी त्या वर्गात घाम गाळलेला आहे, कारण बॉयलर अगदी पाठीला असतो.

कृपा म्हणजे फुकट, असं ती शिकवायची. यॉम पंचांची आई त्या वर्गाला आली होती. घरची तांदळाची गिरणी, त्यामुळे यॉमआजीला हे काही पटेना.

"फुकट म्हणजे? थोडंफार तरी द्यावं लागत असेल."

"काही नाही, आजी."

"मग नंतर मागत असतील."

"नंतरही नाही."

आजी आठवडाभर घरी बसली. परत आली ती बाप्तिस्म्याला तयार होऊनच. म्हणाली, "येते मी. आमच्या घरात आजवर कोणी कोणाला असं दिलेलं नाही."

आता पिलसुनला देवी करायला मी बसलेली नाही. ती फार खाष्ट आहे. शिकवणीत कुणाचं तसूभर चुकलं तर ती मयताच्या घरातही गप्प बसत नाही. मासेमार बे वारला तेव्हा त्याच्या बायकोने टाहो फोडला, की माझा धनी आता आकाशातला तारा झाला. पिलसुन तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "तारा नाही होत, वहिनी. पुनरुत्थान होतं. वेगळं आहे ते." दुसरा एक म्हातारा शेवटचे श्वास घेत म्हणाला, "चाललो मी पूर्वजांकडे." तर ही म्हणते, "आधी प्रभूकडे जा. पूर्वजांची चौकशी तिथे करा." माझ्या कोबीच्या किमचीत आलं जास्त होतं हेही ती दरवर्षी सांगते, आणि ते शिकवणीत कुठे बसतं ते मला अजून कळलेलं नाही.

या वर्षाअखेर ती निवृत्त होणार होती. उन्हाळ्यातच तिने पंचांपुढे शब्द टाकला. खरं तर आयुष्यात तिने स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट. शेवटच्या रविवारी मला वरून बोलू द्या, म्हणाली.

आमचे गुक पाळक हसले. भला माणूस आहे, हसतो छान. म्हणाले, "प्रार्थना करून पाहू."

आमच्याकडे 'नाही' हा शब्द कोणी वापरत नाही. कर्ज नको असलं, स्थळ नको असलं, शेजाऱ्याला शिडी द्यायची नसली, की माणूस म्हणतो, प्रार्थना करून पाहू. त्यात वाद घालायला जागाच नसते, कारण नकार आता देवाकडून येणार असतो. पिलसुनने मान लववली आणि सपाता पुसायला गेली. त्या दिवशी मी तिला खूप बोलले. "अगं, भांड की जरा!" म्हटलं. तर म्हणाली, "प्रार्थना करतायत ना, करू दे." मला वाटतं, तिला खरंच वाटत होतं की ते करतायत.

डिसेंबर आला. शेवटच्या रविवारचा कार्यक्रम छापून झाला. त्यात संदेश गुक पाळकांचाच होता. पिलसुनसाठी जेवणानंतर निरोपाची भेट म्हणून एक ब्लँकेट होतं.

शनिवारी गुक पाळक राजधानीत सोलला गेले, कोणा वर्गमित्राला तिथल्या मोठ्या चर्चमध्ये पाळकाच्या खुर्चीवर बसवायचा सोहळा होता. परतताना बर्फाने गावाच्या वाटेवरची खिंड बंद झाली. रविवारी सकाळी आमच्या दारात कमरेइतका बर्फ, आणि तरीही लोक फावडी घेऊन वाट काढत चर्चला आले. दोलमोरीची माणसं एरवी कशीही असोत, फुकट नूडल्सच्या दिवशी चुकत नाहीत.

पंचांची बैठक माझ्या स्वयंपाकघरात बसली, कारण गरम तेवढंच होतं. मी सुक्या मासळीचा रस्सा उकळत ठेवला होता. पिलसुन कोपऱ्यात कांद्याची पात चिरत होती.

"पाळकसाहेब पलीकडेच आहेत," माझा नवरा म्हणाला. "दुपारपर्यंत रस्ता उघडत नाही."

"मग संदेशाचं काय?" यॉम पंच म्हणाले.

"पिलसुन आहे की," मी म्हटलं. "शिकलेली आहे, धडधाकट आहे आणि खिंडीच्या अलीकडे आहे."

"नामबाई," यॉम पंच मला माझ्या माहेरच्या नावाने म्हणाले, "तुम्ही रस्सा बघा."

"बघतेय. तो तुमच्याआधी उकळेल."

यॉम पंचांनी घसा साफ केला. "बाई खालच्या व्यासपीठावरून साक्ष देऊ शकतात. त्याला कुणाची हरकत नाही. साक्ष म्हणजे आपलं सांगणं. संदेश म्हणजे देवाचं सांगणं."

"आणि साक्ष देताना चुकून देवाचं काही निघालं तर?" मी विचारलं.

"तर थांबवायचं," यॉम पंच गंभीरपणे म्हणाले.

"अहो, मग तुम्हीच जा ना वर," मी नवऱ्याला म्हटलं. त्याचा चेहरा पिठासारखा झाला. मागे एकदा त्याला नुसती प्रार्थना करायला उभं केलं होतं. थांबायचं कसं ते न सुचून तो एकेका देशासाठी प्रार्थना करत सुटला, आणि पेरूपर्यंत पोचल्यावर कोणीतरी आमेन म्हणून त्याला सोडवलं.

पिलसुन पात चिरत होती. नूडल्सवर घालायला लागते त्याच्या चौपट चिरून झाली होती. तिचे कान लाल झालेले मला दिसत होते. एवढ्यात चर्चची गाडी चालवणारा सोक धावत आला. पाळकांचा फोन होता. ते म्हणत होते, मी इथूनच बोलतो, तुम्ही मला पडद्यावर दाखवा.

पंचांच्या जिवात जीव आला. सोक म्हणाला, "खालच्या व्यासपीठापाशी तारा आहेत. माझा फोन तिथे ठेवला की लगेच जोडतो."

"छे छे!" यॉम पंच ओरडले. "संदेश वरून झाला पाहिजे."

"पण ते तर पडद्यावर दिसणार."

"दिसोत कुठेही. फोन वर पाहिजे."

मग लांब वायर शोधली. सोक वर चढला, कारण विजेच्या कामाला चढलेलं चालतं. पुसायला चढलेलंही चालतं. दर शनिवारी पिलसुन वर जाऊन ती द्राक्षवेल पान न् पान पुसते, त्याला कोणाची हरकत नसते. म्हणजे तोंड मिटलेलं असलं की बाई पुरेशी पवित्र असते. फोन शास्त्राच्या पुस्तकाला टेकवून उभा केला. आणि पिलसुनने, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, सवयीने सपाता पुसल्या आणि त्या रिकाम्या व्यासपीठाच्या पायरीशी ठेवल्या. मला तिला धरून हलवावंसं वाटलं.

गाणी झाली आणि पडदा उजळला. गुक पाळक दिसले. त्यांच्या अंगात केशरी रंगाचा ढगळ सदरा होता. तसा सदरा आपल्याकडे फक्त एकाच ठिकाणी मिळतो. खिंडीपलीकडचे सगळे लॉज बर्फात अडकलेल्यांनी भरले होते, त्यामुळे पाळक रात्रीपासून सौनात होते, म्हणजे घाम काढायच्या सार्वजनिक स्नानगृहात, जिथे पैसे भरून रात्रभर आडवंही होता येतं.

आता हे सांगायला हवं, की याच शरदात गुक पाळकांनी वरून सांगितलं होतं, प्रभूच्या दिवशी सौनात जाऊन लोळणं हे भक्ताला शोभत नाही. ते माझ्याकडे बघून म्हणाले होते. तेव्हापासून माझी रविवार दुपारची सौना बंद. माझ्या गुडघ्यांनी आणि मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. त्यामुळे तो केशरी सदरा पाहून मला जो आनंद झाला, तो कोणत्या शिकवणीत बसतो हे मी विचारायला गेले नाही.

"प्रियजनहो," पाळक म्हणाले, "आज आपण पवित्र आणि अपवित्र यांतला भेद पाहू." त्यांच्या मागून टॉवेलचं मुंडासं बांधलेला एक उघडा इसम भाजलेलं अंडं सोलत निघून गेला.

यॉम पंचांनी डोळे मिटून घेतले. पाळकांनी पहिलं वाक्य पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. तोच पडद्यावर न दिसणाऱ्या एका बाईचा आवाज आला, "ओ आजोबा! माणसं झोपलीत इथे. भाषण करायचं तर बाहेर जा!"

पाळक उठले. पडद्यावर छत दिसलं, मग एक गालिचा, मग कोणाचे तरी पाय. शेवटी ते एका खोलीत शिरले आणि दार लावलं. "इथे शांत आहे," ते म्हणाले. शांत असणारच. ती मातीची गरम खोली होती, सगळ्यात गरम, जिच्यात दणकट माणूसही चार मिनिटांत बाहेर पळतो. पाळक पुन्हा पवित्र आणि अपवित्रावर आले. बघता बघता त्यांचा चेहरा लाल झाला, कपाळावरून धारा लागल्या, आवाज कापायला लागला. एवढ्या तळमळीने ते आमच्यात कधीच बोलले नव्हते. मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या भारावल्या. "आमेन!" त्या ओरडल्या. "हालेलुया!" घाम बघून पाळकांनाही स्फुरण चढलं असावं. त्यांनी हात वर केला, तोंड उघडलं आणि पडदा काळा झाला. त्यांचा फोन तापून बंद पडला होता.

सोकने परत लावून पाहिला. तीनदा लावला. मंडळी काळ्या पडद्याकडे बघत बसली.

माझा नवरा वळला. पिलसुन नेहमीच्या जागी होती, खांबाजवळ, उठायला सोपं पडेल अशी. "बाई," तो हळूच म्हणाला, पण चर्चमध्ये इतकी शांतता होती की सगळ्यांना ऐकू गेलं, "तुम्ही या. थोडंसं बोला."

"खालून," यॉम पंच म्हणाले. "साक्ष म्हणून."

पिलसुनने दोघांकडे पाहिलं आणि मान लववली. मग अगदी गोड आवाजात म्हणाली, "प्रार्थना करून पाहते."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला हसू आवरेना. बाकांवरूनही खसखस पिकली, कारण त्या वाक्याचा अर्थ तिथल्या पाळण्यातल्या पोराला माहीत होता. माझा नवरा यॉम पंचांकडे बघायला लागला. वाटलं, शाब्बास गं बाई, उन्हाळ्याचं उट्टं डिसेंबरात काढलंस!

पण तिने खरंच डोकं खाली घातलं, हात जोडले आणि बसून राहिली. हसू ओसरलं. ती उठेना. आता वाटलं, या एका टोमण्यापायी ही बया जन्माची संधी घालवणार. पुढचा रविवार तिचा नव्हता. पुढच्या रविवारी तिच्या जागी दुसरी कोणी सपाता पुसणार होती.

"पिलसुन!" मी दारातून ओरडले. "नूडल्स पाण्यात पडल्यात! लवकर आटप तुझी प्रार्थना!"

तिने डोळे उघडले. "उत्तर आलं," ती म्हणाली आणि उठली.

ती खालच्या व्यासपीठापर्यंत आली, आणि तिथे न थांबता पुढे गेली. पायरीपाशी तिने आपल्या सपाता काढल्या. पाळकांच्या काळ्या सपाता तिथेच होत्या, तिनेच ठेवलेल्या. त्या तिने पायाने बाजूला सरकवल्या आणि टाचेला रफू केलेल्या करड्या मोज्यांनी वर चढली. यॉम पंच अर्धवट उठले. मागच्या बाकावरून यॉमआजीने त्यांचा कोट धरून खाली ओढला. "बस खाली, मेल्या," ती म्हणाली. "फुकट मिळतंय ते घे."

पिलसुनने सोकचा फोन उचलून बाजूला ठेवला. दोन्ही हात त्या लाकडावर टेकले. आता, मला वाटलं, आता बघा. बॉयलरमागच्या त्या खोलीत हिने दगडांना घाम फोडलाय. ही बोलायला लागली की भिंती हलतील.

"आजच्या संदेशाचे चार मुद्दे आहेत," पिलसुन म्हणाली. "प्रत्येक मुद्द्याचे तीन उपमुद्दे."

भिंती हलल्या नाहीत. ती सृष्टीपासून सुरू झाली. सृष्टीचे तिन्ही उपमुद्दे झाले, मग पाप आलं. पापाचा उगम, पापाचं स्वरूप, पापाचे परिणाम. आवाजही तिचा नव्हता, गुक पाळकांचा होता. तोच शेवटच्या शब्दाला दिलेला हेलकावा, तेच मध्येच थांबून छताकडे बघणं, तोच खोकला. एकदा तर तिने व्यासपीठाखालच्या कप्प्यात न बघता हात घातला आणि पाळकांची घशाची गोळी काढून तोंडात टाकली. कप्पा तीच पुसते, त्यामुळे शोधावी लागली नाही. पापाच्या परिणामांपाशी माझा नवरा झोपला. कृपेवर यायला पाऊण तास लागला. वर्गात जी गोष्ट ती एका शब्दात सांगायची, तिला आता जुन्या पंडितांच्या मतांसकट अर्धा तास लागला. स्वयंपाकघरात नूडल्स फुगून टोपाबाहेर यायला लागल्या होत्या. माझाही डोळा लागला, खोटं कशाला सांगू.

दचकून जागी झाले तेव्हा पिलसुन 'मंडळी' या चौथ्या मुद्द्याच्या दुसऱ्या उपमुद्द्यावर होती आणि मला भयंकर राग आला. तिचाच. एवढी वर्षं मी गावभर सांगत फिरले, की हिला एकदा वर जाऊ द्या, मग कळेल. आणि काय कळलं? ही त्यांच्याइतकीच कंटाळवाणी आहे. रागारागाने मी चर्चभर नजर फिरवली. अर्धी मंडळी पेंगत होती, उरलेली बर्फाकडे बघत होती. म्हणजे नेहमीसारखाच रविवार होता. गुक पाळक एकोणीस वर्षं आम्हाला असंच झोपवत आलेत आणि त्यांच्याआधीचे तर घोरायला लावायचे. त्यांना कोणी कधी विचारलं नाही, की तुम्ही वर जाण्याइतकं छान बोलता का? हिलाच का छान बोलायला लागावं? माझा राग जागच्या जागी फिरला आणि यॉम पंचांच्या टकलावर जाऊन बसला. तिथेच तो बरा होता.

एक मात्र सांगते. कोणी उठून गेलं नाही. यॉमआजी तर पहिल्यापासून शेवटपर्यंत टक्क जागी होती, अधूनमधून मान हलवत. तिला हल्ली ऐकू येत नाही, पण मान हलवत होती.

पिलसुन आमेन म्हणाली. तिने त्या लाकडावरून एकदा हाताचा पंजा फिरवला, धूळ आहे का ते बघतात तसा. मग खाली उतरली, आपल्या सपाता घातल्या आणि पाळकांच्या सपाता पुन्हा सरळ करून ठेवल्या.

जेवणाच्या वेळी पंचांची पुन्हा बैठक झाली, वाडगे हातात घेऊनच. यॉम पंच म्हणाले, "अगदी गुक पाळकांसारखा झाला." त्यांच्या मते हे कौतुक होतं.

"पण दप्तरात काय लिहायचं?" माझा नवरा म्हणाला. "संदेश लिहिला तर वरच्या मंडळाकडून विचारणा येईल."

"साक्ष लिहा."

"दीड तास?"

"मोठी साक्ष लिहा."

"आणि जागा? वर की खाली?"

यॉम पंचांनी फुगलेल्या नूडल्सचा घास चावत बराच विचार केला. "जागा लिहायची पद्धत नाही," ते म्हणाले. दोघांनाही एवढं हलकं वाटलं की त्यांनी दुसरा वाडगा मागितला. मी दिला, बिनरश्श्याचा. रस्सा सगळा नूडल्सनी पिऊन टाकला होता.

सगळे गेल्यावर पिलसुन आत आली. काखेत ते ब्लँकेट होतं. गाल अजून तापलेले, केसांची एक बट सुटलेली. चुलीजवळच्या स्टुलावर बसली आणि कांद्याच्या पातीच्या त्या ढिगाकडे बघत राहिली. मी तिला वाढलं. तिने चॉपस्टिक्स हातात घेतल्या आणि खाली ठेवल्या.

"गिल्ये," ती माझं नाव घेऊन म्हणाली, "कसं झालं गं?"

तिने माझ्या किमचीबद्दल आजवर मला एकदाही खोटं सांगितलेलं नाही. मी तरी कसं सांगू?

"लांबलं," मी म्हटलं.

तिने मान हलवली. नूडल्सचा एक मोठा गोळा उचलला, फुंकर घातली, जणू काही तो अजून गरम होता.

"एकतीस वर्षांचं होतं," पिलसुन म्हणाली. "आणि सांगायला एकच दिवस."